पेशी मरून जातात, मग आजाराची आठवण वर्षानुवर्षं टिकते कशी?

जास्वंदी

मुलीचा जीवशास्त्राचा अभ्यास घेताना एका ठिकाणी आम्ही दोघी अडकलोय. पुस्तकात त्याबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, की पहिल्यांदा जंतू आला की शरीराला तयारीला वेळ लागतो आणि दुसऱ्यांदा आला की मेमरी सेल्स त्याला ओळखतात आणि झटपट काम उरकतात. इथपर्यंत ठीक. पण तिथेच पुढे लिहिलंय की बरं झाल्यावर त्या जंतूविरुद्ध तयार झालेल्या बहुतेक टी सेल (जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) मरतात, मग मरायचं कोणी आणि उरायचं कोणी हे ठरवतं कोण? मेमरी सेल ही पहिल्यापासूनच वेगळी पेशी असते का, की कामाला लागलेल्यांपैकीच काही मागे राहतात? आणि जंतू शरीरातून पार गेलेला असताना ती पेशी चाळीस-पन्नास वर्षं कशाच्या जोरावर टिकते?

अजून एक, गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही, पण धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्या म्हणतात आणि फ्लूचं तर दरवर्षी. मेमरी आहे तर हा फरक का? कोणी नीट समजावेल का? आणि जमलं तर हे सगळं कसं कळलं तेही सांगा, कारण लेक प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

टीसेल_वाला

जास्वंदी, प्रश्न फार चांगला आहे आणि लेकीचा "कशावरून" त्याहून चांगला. मी याच विषयातल्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाचा.

कुठल्याही एका जंतूचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारे टी सेल आपल्या शरीरात सुरुवातीला अगदी मोजके असतात. उंदरात हे मोजलंय, अख्ख्या उंदरात एका तुकड्यासाठी काही दहा ते काही शे पेशी, बस्स. यांना नाईव्ह म्हणतात, म्हणजे त्यांची अजून कुठल्या जंतूशी गाठच पडलेली नाही. संसर्ग झाला की डेंड्रायटिक सेल नावाच्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन लिम्फ नोडमध्ये, म्हणजे मानेत-काखेत असतात त्या ग्रंथींमध्ये येतात, तिथे ज्या टी सेलचा रिसेप्टर (पेशीवरचं ओळखणारं प्रथिन) त्या तुकड्याशी जुळतो ती विभागायला लागते आणि मग थांबतच नाही, दिवसातून दोन-तीनदा विभागली की एकीच्या हजारो व्हायला आठवडा पुरतो. उंदरात सीडी८ टी सेलचा (संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी सेलचा) हा आकडा साधारण सातव्या-आठव्या दिवशी शिगेला पोचतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातल्या ९० ते ९५ टक्के पेशी स्वतःहून मरतात. उरलेल्या ५-१० टक्के म्हणजे तुमच्या मेमरी सेल्स. पीक निघाल्यावर बियाण्यापुरतं बाजूला काढून ठेवतात ना, तसं. फक्त हे बाजूला काढणं कोणी एक ठरवत नाही, ते प्रत्येक पेशीला त्या आठवड्यात कुठले सिग्नल किती मिळाले यावर ठरत जातं.

म्हणजे काय, तर पेशीला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी कळत असतात, जंतूचा तुकडा किती वेळ आणि किती घट्ट चिकटला, आजूबाजूला दाह किती आहे, इंटरल्युकिन-१२ सारखी, पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती रसायनं किती आहेत, इंटरल्युकिन-२ किती मिळालं. दाह जास्त असेल तर पेशीत टी-बेट नावाचं प्रथिन वाढतं आणि ते खूप वाढलं की ती पेशी मारायच्या कामात तरबेज होते पण फार जगत नाही. टी-बेट मध्यम राहिलं की दीर्घायुषी व्हायची शक्यता जास्त. थोडक्यात हे बटण चालू-बंद असं नाहीये, प्रमाणाचा खेळ आहे. हे २००७ च्या सुमाराला उंदरांत दाखवलं गेलं. दुसऱ्या बाजूला टीसीएफ-१ नावाचं प्रथिन आहे, ते ज्या पेशीत टिकून राहतं तिची पुन्हा विभागायची ताकद शाबूत राहते.

आणि ओळखायचं कसं, तर आकडा शिगेला असतानाच, म्हणजे अजून कोणीच मेलेलं नसतं तेव्हा, काही थोड्या पेशींच्या पृष्ठभागावर इंटरल्युकिन-७ चा रिसेप्टर दिसतो. २००३ मध्ये या पेशी वेगळ्या काढून दुसऱ्या उंदरांत सोडल्या, तर त्याच टिकल्या आणि बाकीच्या बहुतेक गेल्या. यावरून कळलं की कोण उरणार याची चिन्हं मरणं सुरू व्हायच्या आधीच दिसायला लागलेली असतात.

आता मेमरी सेल आधी कामाला लागलेली असते की वेगळीच असते, हा खरा वादाचा मुद्दा. एक गट म्हणायचा की अगदी पहिल्या विभाजनातच एक पोरगी (विभागून झालेली पेशी) एका वाटेला आणि दुसरी दुसऱ्या वाटेला लागते, आणि पहिल्या विभाजनात प्रथिनं असमान वाटली जातात हे २००७ मध्ये दिसलंही होतं. दुसरा गट म्हणायचा की नाही, काम करून झालेल्या पेशीच मागे फिरून मेमरी होतात. माणसात हे तपासणं अवघड कारण माणसाला सहसा मुद्दाम संसर्ग देता येत नाही. पण पिवळ्या तापाची लस ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते, म्हणजे छोटा संसर्गच झाला. एमरी विद्यापीठातल्या रफी अहमद यांच्या गटाने स्वयंसेवकांना ही लस दिली आणि त्याच सुमाराला जड पाणी प्यायला दिलं. या पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो आणि त्या काळात जी पेशी विभागते तिच्या डीएनएमध्ये तो जाऊन बसतो, म्हणजे खूणच झाली. पुढे ही खूण शोधली तर मेमरी सेल्समध्ये ती भरपूर सापडली. अर्थ असा की पहिल्या दोन आठवड्यांत धडाधड विभागलेल्याच पेशी पुढे मेमरी झाल्या होत्या, बाजूला स्वस्थ बसून राहिलेल्या नव्हेत. हे २०१७ मध्ये छापून आलं.

मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो पुढचा. या मेमरी सेल्स वरून बघितल्या तर नाईव्ह पेशीसारख्याच शांत दिसतात, हत्यारं म्हणजे मारक प्रथिनं फारशी बनवत नाहीत. पण त्यांच्या डीएनएवरच्या खुणा बघितल्या तर त्या प्रथिनांच्या जीनचा भाग उघडाच राहिलेला असतो. नाईव्ह पेशीत तो भाग बंद असतो, उघडायला दिवस जातात. मेमरी सेलमध्ये आधीच उघडा, म्हणून इशारा मिळाल्यावर काही तासांत काम सुरू. "पटकन ओळखतात" असं पुस्तकात लिहितात, पण ओळखणं दोघींचं तेच, कारण रिसेप्टर तोच आहे. फरक संख्येचा आहे आणि या तयारीचा.

निळाई

बाप रे, हे इतकं सरळ कधीच कोणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. पण टिकण्याचा भाग राहिला की. म्हणजे तीच एक पेशी पन्नास वर्षं जगते का? आणि जंतूचा थोडासा अंश कुठेतरी लपून राहतो आणि तो पेशींना आठवण देत राहतो असं मी वाचलं होतं, ते खरं का?

टीसेल_वाला

निळाई, तो जुना तर्क आहे आणि काही जंतूंच्या बाबतीत अंश खरंच राहतो, पण मेमरीसाठी त्याची गरज नसते हे आता पक्कं आहे. १९९९ मध्ये एक प्रयोग झाला, उंदराच्या सीडी८ मेमरी सेल काढून अशा उंदरांत सोडल्या ज्यांच्याकडे जंतूचा तुकडा दाखवणारी यंत्रणाच नव्हती, म्हणजे एमएचसी वर्ग १ चं प्रथिनच नव्हतं. तुकडा दिसायची सोय नाही म्हणजे आठवण करून देणारं कोणीच नाही. तरी पेशी टिकल्या आणि अधूनमधून विभागतही राहिल्या.

माणसातलं उदाहरण देवीचं. देवीचा नैसर्गिक संसर्ग झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मधला, १९८० मध्ये आजार जगातून गेल्याचं जाहीर झालं, लस देणंही थांबलं. तरी लस घेऊन पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या लोकांच्या रक्तात देवीच्या लसीविरुद्धच्या मेमरी बी सेल सापडल्या. टी सेलही सापडल्या, पण त्या हळूहळू कमी होत होत्या, दर ८ ते १५ वर्षांनी साधारण निम्म्या.

मग टिकवतं कोण? मुख्यतः दोन रसायनं, इंटरल्युकिन-७ आणि इंटरल्युकिन-१५. पहिलं पेशीला मरू देत नाही, तिच्यात बीसीएल-२ नावाचं मरण रोखणारं प्रथिन वाढवतं. दुसरं तिला अधूनमधून विभागायला लावतं. ही रसायनं शरीर नेहमीच थोडी थोडी बनवत असतं, जंतू असो नसो. म्हणजे एकच पेशी पन्नास वर्षं जगतेय असं नाहीये, तिचा वंश जगतोय, काही मरतात, काही विभागतात, हिशोब जवळपास जुळलेला राहतो. वरच्या पिवळ्या तापाच्या अभ्यासात त्या पेशी वर्षातून एकदाही पूर्ण दुप्पट होत नव्हत्या, इतका तो संथ कारभार असतो. आणि ही रसायनं मर्यादित असल्यामुळे मेमरी सेल्सची एकूण संख्याही आटोक्यात राहते, नाहीतर प्रत्येक संसर्गानंतर भर पडत पडत काय झालं असतं विचार करा.

अजून एक, पेशीचा खाण्यापिण्याचा हिशोबही बदलतो. धडाधड विभागताना ती ग्लुकोज भसाभस वापरते, मेमरी झाल्यावर पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या जोरावर निवांत चालते, चरबीतल्या आम्लांचाही वापर करते. २००९ मध्ये उंदरांना रॅपामायसिन दिलं, जे खरं तर प्रतिकारशक्ती दाबायचं औषध, किडनी बदललेल्या लोकांना देतात ते, तर मेमरी सीडी८ पेशी उलट वाढल्या! वाढ-वाढ असा इशारा देणारा एमटॉर हा मार्ग जरा मंदावला की पेशी दीर्घायुष्याकडे झुकते असं त्यातून दिसलं. हे वाचून कोणी गोळ्या शोधू नका हं, माणसात ते औषध प्रतिकारशक्ती दाबतंच.

सीडी४ म्हणजे मदतनीस टी सेलचं सांगायचं राहिलं. २००३ मध्ये एका पाठोपाठ तीन गटांनी दाखवलं की सीडी४ ची मदत नसताना तयार झालेल्या सीडी८ पेशी पहिल्या खेपेला ठीकठाक काम करतात, मेमरी म्हणून दिसतातही, पण दुसऱ्यांदा जंतू आला की नीट विभागत नाहीत. म्हणजे पुढच्या वेळची तयारी पहिल्याच आठवड्यात कोण सोबत होतं यावर ठरते.

वाफाळता_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ. टीसेल_वाला यांनी टी सेलची बाजू छान मांडली, लसीच्या प्रश्नासाठी मात्र बी सेलकडे, म्हणजे अँटीबॉडी (जंतूला चिकटणारं प्रथिन) ज्यांच्यापासून येते त्या पेशींकडे यावं लागेल कारण धनुर्वात, गोवर, फ्लू यातला फरक बराचसा तिथे आहे.

बी सेलच्या मेमरीला दोन वेगळे भाग असतात आणि लोक यांची कायम गल्लत करतात. एक म्हणजे प्लाझ्मा सेल. ही अँटीबॉडी बनवणारी पेशी, सेकंदाला हजारो अँटीबॉडी सोडते, आणि यातल्या काही बोन मॅरोमध्ये जाऊन बसतात नि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. दुसरी म्हणजे मेमरी बी सेल, ही स्वतः काही सोडत नाही, शांतपणे फिरत राहते आणि जंतू पुन्हा आला की काही दिवसांत नव्या प्लाझ्मा सेल तयार करते. म्हणजे रक्ताच्या तपासणीत जी अँटीबॉडी दिसते ती पहिलीची कमाई, दुसरी तपासणीत दिसतच नाही.

दोन्ही मुख्यतः लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटर नावाच्या जागेत तयार होतात. तिथे बी सेल आपल्याच अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बदल करत राहते, एड नावाचं एन्झाइम हे करतं, आणि मग ज्या बदलाने अँटीबॉडी जास्त घट्ट चिकटते तिला मदतनीस टी सेलकडून जगायचा इशारा मिळतो, बाकीच्या तिथल्या तिथे मरतात. असं आठवडे चालतं. उंदरांत असं दिसलंय की जर्मिनल सेंटरमधून सुरुवातीला बाहेर पडणाऱ्यांत मेमरी बी सेल जास्त असतात आणि दीर्घायुषी प्लाझ्मा सेल उशिरा निघतात. मेमरी बी सेलमध्ये जंतूला अगदी घट्ट न चिकटणाऱ्याही बऱ्याच असतात, आणि ते एका अर्थी बरंच आहे, कारण जंतू थोडा बदलून आला तर अशांपैकी एखादी उपयोगी पडू शकते.

यावरून लसीच्या डोसांमधलं अंतर का ठेवतात ते कळेल. हिपॅटायटिस बीचा शेवटचा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी देतात, कारण तोवर घट्ट चिकटणाऱ्या बी सेल निवडून झालेल्या असतात आणि बूस्टर, म्हणजे आठवण करून देणारा डोस, त्यांनाच उठवतो. पालक विचारतात की एक डोस उशिरा झाला तर पहिल्यापासून सुरू करायचं का, तर बहुतेक लसींच्या बाबतीत नाही, जिथे राहिलंय तिथून पुढे.

आता फरकाचा प्रश्न. २००७ मध्ये एक अभ्यास आला होता, त्याच लोकांच्या अँटीबॉडी वर्षानुवर्षं मोजून त्या निम्म्या व्हायला किती काळ लागेल याचा अंदाज काढला होता. गोवर आणि गालगुंड, २०० वर्षांहून जास्त! कांजिण्या ५० वर्षं. घटसर्प १९, धनुर्वात ११. म्हणजे जिवंत विषाणूंचा संसर्ग एकीकडे आणि एखाद्या टॉक्सिनपासून (जंतूच्या विषापासून) बनवलेली लस दुसरीकडे, यांनी तयार केलेल्या प्लाझ्मा सेलच्या आयुष्यात इतका फरक. धनुर्वातात आणखी एक अडचण अशी की ते टॉक्सिन इतक्या कमी मात्रेत जीव घेऊ शकतं की ती मात्रा शरीराला धड शिकवायलाही पुरत नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते. तिथे मेमरी बी सेल जागी व्हायची वाट बघून चालत नाही, अँटीबॉडी आधीच रक्तात हवी, म्हणून दर दहा वर्षांनी बूस्टर.

याच्या बरोबर उलट हिपॅटायटिस बी. त्याला शरीरात पसरून आजार व्हायला एक ते सहा महिने लागतात, मेमरी सेलला उठून तयारी करायला दिवस पुरतात. म्हणून लस घेतलेल्या निरोगी माणसाची अँटीबॉडी काही वर्षांनी मोजता येण्याइतकी उरली नाही तरी संरक्षण सहसा राहतं. बरेच लोक तो रिपोर्ट बघून घाबरून येतात, त्यांना मी हेच सांगतो. फ्लूमध्ये दोन्ही अडचणी एकत्र, एक ते चार दिवसांत आजार होतो आणि विषाणू स्वतःचं रूप बदलत राहतो.

जास्वंदी

डॉक्टर, टीसेल_वाला, दोघांचे मनापासून आभार. लेकीने सगळं वाचलं आणि तिचा पुढचा प्रश्न आलाच. गोवराचं २०० वर्षं म्हणजे अंदाजच ना, तेवढं कोणी जगलेलं नाही, मग खरोखर किती वर्षांपर्यंत बघितलंय?

वाफाळता_डॉक्टर

लेकीला माझी शाबासकी सांगा. प्रत्यक्ष पाहिलेलं उदाहरण आहे आणि ते फार जुनं आहे. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. त्या आधी तिथे गोवर आला होता तो थेट १७८१ मध्ये. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नाही. पानुमने गावोगाव फिरून नोंदी केल्या आणि त्याला दिसलं की १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांना तेव्हा झाला नव्हता ते मात्र आजारी पडले. तेव्हा पेशी सोडा, विषाणू म्हणजे काय हेही कोणाला माहीत नव्हतं.

आणि २००८ मध्ये १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या ३२ लोकांना तपासलं होतं, सगळे ९१ ते १०१ वयाचे. सगळ्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी होत्या आणि काहींमधून त्या बनवणाऱ्या बी सेलही वेगळ्या काढता आल्या. नव्वद वर्षांनी. मला अजूनही हे वाचलं की भरून येतं.

रानजाई

मला सोरायसिस आहे. औषधाने पूर्ण जातो, त्वचा एकदम स्वच्छ होते, आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांनी परत येतो तो बरोबर त्याच जागी, कोपराच्या त्याच तुकड्यावर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असंच असतं. हा धागा वाचताना एकदम वाटलं की याचाही मेमरीशी संबंध असेल का?

टीसेल_वाला

रानजाई, संबंध आहेच, आणि तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे.

सगळ्या मेमरी टी सेल रक्तातून फिरत नसतात. १९९९ मध्ये सालुस्तो आणि लांझाव्हेकिया यांच्या गटाने त्यांचे दोन प्रकार सांगितले, एक सीसीआर७ हा रिसेप्टर असलेला, जो लिम्फ नोडमधून ये-जा करतो, आणि एक तो नसलेला, जो इतर अवयवांकडे जातो. पुढे तिसरा प्रकार कळला, जो एकदा त्वचेत, फुप्फुसात किंवा आतड्यात शिरला की तिथून हलतच नाही. यांना टिश्यू रेसिडेंट म्हणतात. यांच्यावर सीडी६९ असतं, ते पेशीला बाहेर पडायची वाट दाखवणारा रिसेप्टर दाबून ठेवतं, आणि बऱ्याच जणींवर सीडी१०३ असतं जे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना धरून राहतं. २००६ मध्ये अंदाज काढला तर माणसाच्या त्वचेत साधारण २००० कोटी टी सेल निघाले, अख्ख्या रक्तात फिरतात त्याच्या जवळपास दुप्पट.

संसर्गासाठी ही सोय उत्तम, जंतू जिथून शिरतो तिथेच पेशी हजर. पण सोरायसिसमध्ये चुकीच्या कारणाने जमलेल्या पेशीही तशाच मुक्काम करतात. डाग गेल्यावर वरून नितळ दिसणाऱ्या त्या जागेतून पेशी काढून बघितल्या तर इंटरल्युकिन-१७ बनवणाऱ्या टी सेल तिथे सापडतात. औषध त्यांना गप्प करतं, काढून टाकत नाही. विशिष्ट औषधाच्या ॲलर्जीने काही लोकांना दर वेळी ओठावर किंवा हातावर त्याच ठिकाणी चट्टा उठतो, त्याचंही कारण असंच. या पेशींना त्या जागेवरून कायमचं हलवता येईल का यावर सध्या बरंच काम चाललंय. तुमचं औषध मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

सह्याद्री_कडा

मग मेमरी सेल वाढवायला काही करता येतं का? इम्युनिटी वाढवणारी औषधं, काढे वगैरे घेऊन त्या जास्त तयार होतात का? वरचं वाचून मला वाटतंय की जास्त असल्या तर चांगलंच.

टीसेल_वाला

नाही हो, आणि इथे मला जरा कळकळीने सांगावंसं वाटतं. मेमरी सेल एखाद्या नेमक्या जंतूविरुद्धच तयार होते, तो जंतू किंवा त्याची लस दिसल्याशिवाय ती काढ्याने होत नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाहीये, रानजाईंचं उदाहरण वरच आहे. शरीर आपल्याच टी सेलना आवरायला किती खटाटोप करतं बघा. रेग्युलेटरी टी सेल नावाच्या वेगळ्या पेशीच त्या कामाला असतात, त्यांचा शोध आणि त्यांच्या फॉक्सपी३ या जीनचा शोध यासाठी मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. ज्या मुलांत हा जीन बिघडलेला असतो त्यांच्या टी सेल स्वतःच्याच आतड्यावर, त्वचेवर, स्वादुपिंडावर हल्ला करतात. आणि गंमत अशी की याच रेग्युलेटरी पेशी मेमरी तयार व्हायलाही मदत करतात, संसर्ग संपताना त्या दाह शांत करतात, इंटरल्युकिन-१० सोडतात, आणि त्या शांततेत उरलेल्या पेशी नीट मेमरीकडे वळतात.

उलट जंतू महिनोन् महिने गेलाच नाही, किंवा कॅन्सरसारखा सतत समोर राहिला, तर काय होतं? टी सेलला इशारा मिळतच राहतो आणि ती थकते. तिच्यावर पीडी-१ नावाचा लगाम वाढतो, काम मंदावतं, आणि ती मेमरी होत नाही. म्हणजे इशारा येणं जितकं गरजेचं तितकंच तो थांबणंही. त्या थकलेल्यांमध्ये टीसीएफ-१ टिकवून ठेवलेल्या थोड्या पेशी असतात आणि पीडी-१ चा लगाम सोडवणारी कॅन्सरची औषधं मुख्यतः त्यांच्याच जोरावर काम करतात. असे लगाम सोडवण्यामागच्या शोधांसाठी होंजो (पीडी-१) आणि ॲलिसन (सीटीएलए-४ नावाचा दुसरा लगाम) यांना २०१८ चं नोबेल होतं, तेही या निमित्ताने लेकीला सांगा.

आहे ती मेमरी घालवायची नसेल तर मात्र करण्यासारखं आहे. गोवराचा विषाणू मेमरी पेशींच्याच पृष्ठभागावरचं एक प्रथिन पकडून आत शिरतो आणि त्यांना मारतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांची गोवर व्हायच्या आधीची आणि नंतरची रक्तं तपासली, तर त्यांच्याकडच्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. गोवर आला आणि आधीचं कमावलेलं घेऊन गेला. गोवराच्या लसीने असं काही होत नाही. त्यामुळे लस ही एका आजारापुरती नसते, बाकीच्या आठवणीही राखते.

वाफाळता_डॉक्टर

यात वयाचं जोडतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तो विषाणू मज्जातंतूंच्या पेशींमध्ये झोपून राहतो. म्हातारपणी अँटीबॉडी बऱ्यापैकी असतात पण त्याला दाबून ठेवणारी टी सेलची मेमरी ओसरते, आणि मग नागीण येते. म्हणूनच पन्नाशीनंतर द्यायची नागिणीची नवी लस टी सेलना जोरात जागं करेल अशा पूरक द्रव्यासह बनवलीय आणि चाचण्यांमध्ये तिने ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. आणि अगदी लहान, दोन वर्षांखालच्या बाळांत अडचण निराळी. काही जिवाणूंवर साखरेचं आवरण असतं, नुसत्या त्या साखरेची लस दिली तर टी सेलना तिच्यात काही दिसतच नाही, त्यांची मदत नाही म्हणजे जर्मिनल सेंटर नाही, म्हणजे मेमरी नाही. मग त्या साखरेला एक प्रथिन जोडून दिलं आणि प्रश्न सुटला. हिब आणि न्यूमोकॉकल (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारे जिवाणू) यांच्या बाळांना देतात त्या लसी अशाच असतात.

निळाई

एक शेवटचं विचारते. अँटीबॉडीची तपासणी होते तशी मेमरी टी सेलची तपासणी साध्या लॅबमध्ये होते का? म्हणजे माझ्याकडे अमुक आजाराच्या मेमरी सेल आहेत की नाहीत हे कळू शकतं का?

वाफाळता_डॉक्टर

बहुतेक आजारांसाठी नाही, ते संशोधनाच्या लॅबमध्येच होतं, ताजं रक्त लागतं आणि खर्चिकही असतं. पण एका आजारासाठी ही तपासणी आम्ही रोज करतो आणि लोकांना कल्पनाच नसते की ती मेमरी टी सेलची आहे. टीबीची माँटू टेस्ट. हाताच्या त्वचेत टीबीच्या जिवाणूची थोडी प्रथिनं टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ किती झाली ते मोजतात. ती गाठ कोण करतं, तर त्या प्रथिनांना आधी भेटलेल्या मेमरी टी सेल, त्यांना जमायला आणि इतरांना बोलवायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून लगेच बघून उपयोग नसतो. हीच गोष्ट रक्तात करायची असेल तर इग्रा नावाची टेस्ट आहे, रक्तात टीबीची ठराविक प्रथिनं घालतात आणि टी सेल इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते मोजतात. तिच्यात घातलेली प्रथिनं बीसीजीच्या लसीत नसतात, म्हणून बीसीजी घेतल्यामुळे ती पॉझिटिव्ह येत नाही, माँटू येऊ शकते.

फक्त एक लक्षात असू द्या, या दोन्ही टेस्ट सांगतात की तुमच्या टी सेलची टीबीशी गाठ पडलेली आहे, आज आजार आहे का ते यातून कळत नाही. आणि एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी फार कमी झालेल्या रुग्णात आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कारण उत्तर द्यायला पेशीच उरलेल्या नसतात. अशा वेळी थुंकीची तपासणी आणि एक्स-रेवरच जावं लागतं.